शेन्झेनमधील उद्याने आणि नगरहरितीकरण

शेन्झेनमधील उद्याने आणि नगरहरितीकरण : दक्षिण चीनच्या ग्वांगदोंग प्रांतात, हाँगकाँगच्या उत्तर सीमेला लागून असलेल्या शेन्झेन शहरात 1980 पासून झालेली उद्याननिर्मिती, रस्त्याकडेची वृक्षलागवड, डोंगर व कांदळवनांची राखण आणि या कामांसाठी उभी राहिलेली नागरी व्यवस्था. 2019 च्या अखेरीस शहरात 1,090 उद्याने होती आणि ‘हजार उद्यानांचे शहर’ अशी त्याची ओळख त्या वेळी झाली. हा आकडा मोठा असला तरी शेन्झेनचे मोठे काम त्यात दिसत नाही. जमिनीला सोन्याचा भाव आलेला असताना या शहराने जवळजवळ निम्मे क्षेत्र बांधकामापासून बाजूला ठेवले, ते त्याचे खरे कर्तृत्व आहे.

पार्श्वभूमी : 1980 मध्ये विशेष आर्थिक क्षेत्र घोषित झाले तेव्हा येथे बाओआन परगण्यातील गावे होती. भातखाचरे, मत्स्यतळी, किनाऱ्यावर कालवांची शेती आणि डोंगरउतारावर लिचीच्या बागा असा सगळा मुलूख. वस्ती तीन लाखांच्या आसपास. 2020 च्या जनगणनेत ती पावणेदोन कोटींच्या घरात पोहोचली. क्षेत्रफळ सुमारे 2,000 चौ. किमी. आणि त्यातही बराच भाग डोंगराळ. म्हणजे सपाट जमीन पहिल्यापासूनच अपुरी.

शहर कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेला आहे. वर्षाला साधारण 1,900 मिमी. पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक एप्रिल ते सप्टेंबरमध्ये येतो. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात तुफाने येतात. डोंगरावरची माती ग्रॅनाइट झिजून झालेली, तांबडी आणि आम्ल. किनाऱ्यालगतची बरीच जमीन भराव टाकून मिळवलेली, म्हणून खारट. या दोन जमिनींची लागवड अर्थातच वेगवेगळी करावी लागते.

पहिल्या दशकातली उद्याने जुन्या बागांच्या जागी झाली. लुओहू–फुतियान भागातील लिची उद्यान 1982 मध्ये सुरू झाले, तेव्हा तिथली शेकडो लिचीची झाडे तोडली नाहीत. त्यांच्या मधून पायवाटा आणि तळे आखले. गावच्या शेतकऱ्यांनी लावलेली ती झाडे आज उंच इमारतींच्या गराड्यात उभी आहेत. 1986 मध्ये लिची हा शेन्झेनचा नगरवृक्ष आणि बोगनवेल हे नगरपुष्प ठरले. 2007 मध्ये कांदळवृक्षालाही नगरवृक्षाचा मान मिळाला.

चीनच्या केंद्र शासनाने 1992 पासून ‘राष्ट्रीय उद्याननगरी’ हा किताब द्यायला सुरुवात केली. दरडोई हिरवे क्षेत्र, वृक्षाच्छादन अशा मोजमापांवर शहरांची पारख होऊ लागली आणि महापौरांची प्रतिष्ठा त्यात गुंतली. शेन्झेनला हा किताब 1994 मध्ये मिळाला. या चढाओढीमुळे चिनी शहरांत हिरवाई झपाट्याने वाढली हे खरे. पण जे मोजता येते तेच लावले जाण्याची खोडही त्यातूनच लागली.

श्येनहू वनस्पती उद्यान : वूथुंग हा शहरातील सर्वांत उंच डोंगर (सुमारे 944 मी.). त्याच्या पायथ्याशी 1983 मध्ये या उद्यानाचे काम सुरू झाले आणि 1988 मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. त्याची आखणी सुन श्यावश्यांग (1921–2018) यांची. बीजिंगमध्ये भूदृश्यरचनेच्या अध्यापनात हयात घालवलेल्या सुन यांनी हांगझौचे प्रसिद्ध पुष्पबंदर उद्यानही आखले होते. दरीत बांध घालून तळे करायचे, तळ्याभोवती मंडप आणि वाटा अशा मांडायच्या की समोरचा डोंगर बागेचाच भाग वाटावा, ही चिनी बागकलेतील जुनी रीत त्यांनी येथे वापरली. एका जागी उभे राहिले की मंडप दिसतो, चार पावले पुढे गेले की झाडीआड जातो, आणि वळणावर पाण्यात त्याचे प्रतिबिंब दिसते. वनस्पतिशास्त्रीय संग्रह आणि रमणीय बाग या दोन गोष्टींची सांगड फार थोड्या ठिकाणी इतकी साधली आहे.

सायकस व तिच्या भाऊबंदांचा येथील संग्रह राष्ट्रीय संवर्धन केंद्र म्हणून सांभाळला जातो. अश्मीभूत खोडांचे एक वनही मांडलेले आहे. आवारातच होंगफा हे बौद्ध मंदिर असल्याने भाविकांचीही सतत वर्दळ असते. चीनचे नेते डेंग शियाओपिंग यांनी जानेवारी 1992 मधील दक्षिण दौऱ्यात येथे वडाच्या कुळातले एक झाड लावले. ते आता विस्तीर्ण झाले आहे. 2017 मध्ये एकोणिसावी आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषद शेन्झेनमध्ये भरली. तिच्या यजमानपदात या उद्यानाचा वाटा मोठा होता.

2005 ची सीमारेषा : नोव्हेंबर 2005 मध्ये शहराने मूलभूत परिसंस्था नियंत्रण रेषा आखली. डोंगर, जलाशयांचे पाणलोट, किनारपट्टी आणि त्यांना जोडणारे हरित पट्टे मिळून सुमारे 974 चौ. किमी. क्षेत्र या रेषेच्या आत आले. आत मोठ्या बांधकामाला मनाई. चीनमधील शहरांत अशी कठोर आखणी करणाऱ्यांत शेन्झेन अग्रणी होते. रेषेच्या आत आधीपासूनची गावे आणि कारखाने होते, त्यांचे वाद पुढे वर्षानुवर्षे चालले आणि रेषेत काही फेरबदलही झाले. तरीही आज विमानातून शहर दिसते ते हिरव्या डोंगरांच्या मधल्या खोऱ्यांत वसलेल्या पट्ट्यांसारखे, याचे श्रेय या रेषेला आहे. एकूण उद्यानांपैकी पुष्कळ मोठी उद्याने रेषेच्या आतल्या डोंगरांवरच आहेत; तिथे बांधायचे काम थोडे आणि राखायचे जास्त.

रस्त्याकडेची झाडे : मराठी वाचकाला शेन्झेनचे रस्ते ओळखीचे वाटतील. गुलमोहर, कांचन, सावर, बहावा, आंबा ही झाडे तिथे दुतर्फा दिसतात. महाराष्ट्राचे राज्यपुष्प ताम्हण तिथल्या उद्यानांतही उन्हाळ्यात जांभळे होते. वडाच्या कुळातली सावलीची झाडे सर्वाधिक जुनी. त्यांच्या पारंब्या पदपथावर लोंबतात. उड्डाणपुलांच्या कठड्यांवर बोगनवेलीच्या लांबट कुंड्या ओळीने बसवलेल्या असतात. त्यांना ठिबकच्या नळीने पाणी मिळते आणि हिवाळ्याच्या कोरड्या महिन्यांत पूल गडद गुलाबी दिसतात. याच वेलीचे प्रदर्शन लियानहुआशान उद्यानात दरवर्षी भरते. बोगनवेलीला फुलण्यासाठी पाण्याचा थोडा ताण लागतो, त्यामुळे पुलावरची तुटपुंजी माती तिला मानवते. जागा आणि झाड यांची अशी जोडी जमली की हरितीकरणाचा खर्च आपोआप उतरतो.

मोठ्या झाडांचे स्थलांतर : वाढत्या शहराला सावली लगेच हवी असते. म्हणून रोपे लावून वाट पाहण्याऐवजी रोपवाटिकांतून दहा-पंधरा वर्षांची झाडे आणून बसवण्याचा धंदा चीनमध्ये फार फोफावला. कामाची पद्धत ठरलेली आहे. खोडाभोवती गोल चर खणून मुळे कापतात, मातीचा गड्डा पेंढ्याच्या दोरीने घट्ट आवळतात, फांद्या निम्म्याहून अधिक छाटतात आणि क्रेनने झाड उचलतात. नव्या खड्ड्यात बसवल्यावर खोडाला चारी बाजूंनी बांबूचे किंवा लाकडाचे टेकू देतात. मग रुग्णालयातल्या सलाइनसारखी एक पिशवी फांदीला टांगली जाते. तिच्या नळीची सुई खोडात टोचलेली असते आणि त्यातून साखर, क्षार व वाढसंप्रेरकांचे पाणी थेंबथेंब आत जाते. नव्या वसाहतीच्या रस्त्यावर अशी टेकू लावलेली, पिशव्या टांगलेली झाडे रांगेने दिसतात.

पंधरवड्यात रस्ता हिरवा होतो, हा या पद्धतीचा फायदा. तोटा जमिनीखाली असतो. सोटमूळ कापलेले झाड पुन्हा खोल जात नाही. मुळे उथळ पसरतात. त्यात पदपथातला खड्डा जेमतेम मीटर-दीड मीटर रुंद आणि खाली बांधकामाचा राडारोडा. 16 सप्टेंबर 2018 रोजी मांगखुट हे तुफान ग्वांगदोंगच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा शेन्झेनमध्ये झाडे फार मोठ्या संख्येने पडली. उपटलेल्या झाडांखाली खड्ड्याच्याच आकाराचा, चौकोनी कापल्यासारखा मुळांचा गड्डा दिसत होता. झाड कितीही जुने असो, मुळे त्या चौकटीबाहेर गेलीच नव्हती. दुबळ्या लाकडाच्या आणि जड माथ्याच्या जाती सर्वांत आधी गेल्या. त्यानंतर वाऱ्याला टिकणाऱ्या जाती निवडणे, खड्डे जोडून सलग चर करणे आणि तुफानापूर्वी छाटणी करणे यांवर भर वाढला. हा धडा आधीही उपलब्ध होता. त्यासाठी इतकी झाडे जायला नको होती.

शेजारच्या ग्वांगझौमध्ये 2021 साली नूतनीकरणाच्या नावाखाली वडवर्गातील जुनी झाडे मोठ्या प्रमाणात हलवली व तोडली गेली. नागरिकांनी जोरदार विरोध केला आणि वर्षअखेरीस जबाबदार अधिकाऱ्यांवर शिस्तभंगाची कारवाई झाली. चिनी नगरप्रशासनात झाडांवरून अशी कारवाई ही मोठी घटना होती आणि तिची दखल सगळ्याच शहरांना घ्यावी लागली.

कांदळवन : शेन्झेन उपसागराच्या काठावर फुतियान कांदळवन राखीव क्षेत्र आहे. 1984 मध्ये स्थापन झालेल्या आणि 1988 मध्ये राष्ट्रीय दर्जा मिळालेल्या या क्षेत्राचा विस्तार जेमतेम 370 हेक्टर असून ते शहराच्या ऐन मध्यात येते. हिवाळ्यात सायबेरियाकडून येणारे पाणपक्षी येथे उतरतात. त्यांत काळतोंड्या चमचा हा दुर्मिळ पक्षीही असतो. 1990 च्या दशकात किनाऱ्याने बिनहाय हा हमरस्ता न्यायचे ठरले, तेव्हा मूळ आखणी कांदळवनातून जात होती. आक्षेपांनंतर ती सुमारे 200 मीटर उत्तरेकडे सरकवली. रस्त्यासाठी वन हलवण्याऐवजी वनासाठी रस्ता हलवला, आणि तोही सुबत्ता पुरती आलेली नसताना. 2023 मध्ये या पाणथळीचा रामसर या आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत समावेश झाला. आंतरराष्ट्रीय कांदळवन केंद्रही शेन्झेनमध्येच स्थापन झाले आहे.

येथेही घाईचे परिणाम दिसतात. उजाड चिखलावर लवकर वन उभे राहावे म्हणून 1993 मध्ये सोनेराशिया एपेटाला ही जात लावली. ती मूळची सुंदरबनची. चीनने 1985 मध्ये बांगलादेशातून आणली होती. मुंबईच्या खाड्यांतही ती वाढते, आणि महाराष्ट्राने 2020 मध्ये राज्य कांदळवृक्ष ठरवलेल्या पांढऱ्या चिप्पीची ती सगोत्र आहे. शेन्झेनच्या स्थानिक कांदळांची वाढ ठेंगणी आणि सावकाश. ही मात्र काही वर्षांतच दोन-तीन पुरुष उंच झाली, बिया भरतीबरोबर पसरल्या आणि पक्ष्यांना उतरायला लागणारा उघडा चिखल झाकला जाऊ लागला. आता ती टप्प्याटप्प्याने काढून स्थानिक जाती लावल्या जातात. समुद्रातील नेलिंगदिंग बेटावर मिकानिया या अमेरिकी वेलीने झाडांना गुदमरवले, तिचा उपद्रव मात्र कोणी मुद्दाम ओढवून घेतलेला नव्हता.

पाणी मुरवणारे शहर : पूर आणि पाणीटंचाई या दोन्हींवर उपाय म्हणून चीनने 2015 मध्ये ‘स्पंज शहर’ योजना सुरू केली. 2030 पर्यंत नागरी क्षेत्राच्या 80 टक्के भागात पावसाचे 70 टक्के पाणी जागच्या जागी मुरावे वा साठावे, असे तिचे उद्दिष्ट आहे. प्रायोगिक शहरांच्या 2016 मधील दुसऱ्या तुकडीत शेन्झेनची निवड झाली आणि ग्वांगमिंग भागात प्रत्यक्ष प्रयोग झाले. बागकामाच्या दृष्टीने यात एक साधा पण मोठा बदल आहे : फुलांचे वाफे रस्त्यापेक्षा उंच करण्याऐवजी हातभर खोल करायचे, कडेच्या दगडात फटी ठेवायच्या, खाली खडी-वाळूचे थर द्यायचे आणि काही तास पाण्यात उभी राहतील अशी गवते व झुडपे लावायची. पूर्वी पावसाने वाफ्यातली माती रस्त्यावर वाहून यायची. आता रस्त्यावरचे पाणी वाफ्यात जाते.

या विचाराचे सर्वांत ठाम पुरस्कर्ते चिनी भूदृश्यरचनाकार यू कोंगज्येन (1963–2025) होते. पर्ल नदीच्या मुखापलीकडील झोंगशान शहरात, बंद पडलेल्या जहाजकारखान्याच्या जागी त्यांनी केलेले उद्यान 2001 मध्ये पूर्ण झाले. गंजलेले रूळ आणि मनोरे तसेच ठेवून भोवती रानगवत वाढू देणे तेव्हा अनेकांना खटकले होते. शोभेच्या हिरवळी आणि हंगामी फुलांच्या रांगोळ्यांवर त्यांनी सातत्याने टीका केली. ती रास्त होती. पण सणावारी कुंड्यांचे डोंगर रचण्याची हौस चिनी नगरपालिकांना अजून सुटलेली नाही.

नद्यांच्या बाबतीत दाशा नदीचा दाखला दिला जातो. सांडपाण्याने काळी पडलेली ही नदी आधी गटारे वळवून स्वच्छ केली आणि 2019 मध्ये तिच्या काठाने सुमारे 13.7 किमी.चा हरित मार्ग खुला झाला.

लोकांचा सहभाग : शेन्झेनची बहुसंख्य वस्ती बाहेरगावाहून आलेली आहे. मुलांच्या संसाराला हातभार लावायला गावाकडून आलेले आजी-आजोबा गृहसंकुलाच्या कोपऱ्यात रताळ्याचा पाला, कांद्याची पात, मिरच्या लावतात. देखभाल कंपनी ते उपटते आणि तिथे कातरलेले झुडूप लावते. हा तंटा चिनी शहरांत सर्वत्र आहे. 2020 च्या सुमारास शहराने ‘सहनिर्मित उद्यान’ हा उपक्रम हाती घेतला, तो या दृष्टीने मोलाचा आहे. पडीक कोपरे, शाळांची आवारे, वसाहतींमधली रिकामी जागा रहिवाशांनी स्वतः आखायची, लावायची आणि सांभाळायची. पालिका माती, रोपे आणि मार्गदर्शन देते. 2015 च्या अखेरीस फुतियान कांदळवन परिसंस्था उद्यानाचा कारभार एका सेवाभावी प्रतिष्ठानाकडे सोपवला गेला, तेव्हापासून तिथे स्वयंसेवक शाळकरी मुलांना चिखलातले खेकडे आणि निवटे दाखवतात.

घरगुती बागकामाचा मोठा हंगाम मात्र चांद्र नववर्षाचा. त्याआधी लुओहूतील आयग्वो रस्त्यावर फुलबाजार भरतो. शुंद भागातील छनत्सुन हे गाव पिढ्यानपिढ्या फुलझाडांसाठी नावाजलेले. ग्वांगदोंगच्या अशा बाजारांत तिथून फळांनी लगडलेली बुटकी संत्र्याची झाडे कुंडीसकट येतात. दारात दोन्ही बाजूंना ही झाडे ठेवून त्यांवर लाल पाकिटे बांधण्याची पद्धत दुकाने, कचेऱ्या आणि घरे सगळीकडे पाळली जाते.