बांधकाम सुरक्षेच्या संशोधनपद्धती

बांधकामावरचे अपघात का होतात आणि कोणत्या उपायाने ते खरोखर कमी होतात, हे तपासण्याच्या पद्धती. कारखान्यात यंत्र जागेवर असते, काम ठरलेले असते. बांधकामाची साइट दर आठवड्याला बदलते. आज परांची आहे तिथे उद्या उघडा स्लॅब असतो, उपठेकेदाराची टोळी काम आटोपून निघून जाते. म्हणून कारखान्यांसाठी घडलेल्या पद्धती इथे जशाच्या तशा चालत नाहीत.

रूढ मापन म्हणजे 2,00,000 मनुष्यतासांमागे (100 कामगारांचे साधारण वर्षभराचे काम) नोंदलेल्या दुखापती. फसगत इथेच होते. खरा दर 1 असला, तरी तेवढ्या तासांत एकही दुखापत न होण्याची शक्यता सुमारे 37 टक्के असते. उलट, वर्षभर शून्य नोंद असलेल्या साइटचा खरा दर 3 इतकाही असू शकतो. त्यातच रोज बुडेल, पुन्हा काम मिळणार नाही, या भीतीने किरकोळ जखमा लपवल्या जातात. मृत्यू लपवणे अवघड. पण एका कंपनीत ते इतके थोडे असतात की त्यांवरून निष्कर्ष काढता येत नाही.

त्यामुळे अपघात घडण्याआधीच्या खुणा मोजाव्या लागतात. कठडा आहे का, उंचीवरच्या कामगाराने सुरक्षा-दोर अडकवला आहे का, हे निरीक्षणातून कळते. मात्र कुणी बघत असले की माणूस दोर अडकवतोच, म्हणून वारंवार आणि न सांगता पाहावे लागते. डोव्ह झोहार यांच्या 1980 च्या अभ्यासापासून 'सुरक्षा-वातावरण', म्हणजे आपल्या कामावर सुरक्षेला किती महत्त्व दिले जाते याची कामगारांची समजूत, प्रश्नावलीने मोजतात. ती कामगाराच्या भाषेत आणि मुकादम जवळ नसताना विचारली, तरच उत्तरांना अर्थ असतो.

सर्वांत बोलकी पद्धत म्हणजे एकेका अपघाताचा माग काढणे. ब्रिटनमधील 100 बांधकाम अपघातांच्या, 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 70 टक्के प्रकरणांत कामगार वा त्यांच्या टोळीशी निगडित कारणे आढळली, तर 84 टक्के प्रकरणांत जोखीम-व्यवस्थापनातील (धोके आधीच ओळखून आवरण्यातील) उणिवा; एकाच अपघातामागे दोन्ही असू शकतात. चौकशी 'कामगाराचा निष्काळजीपणा' या शेऱ्यावर थांबवली, तर हा दुसरा आकडा दिसतच नाही.

उपायांची पारख सर्वांत कठीण. प्रशिक्षण बहुधा अपघातांची लाट येऊन गेल्यावरच दिले जाते, आणि तशी लाट पुष्कळदा आपोआपही ओसरते. आधीचा आणि नंतरचा एकेकच आकडा ताडून श्रेय प्रशिक्षणाला देता येत नाही; त्यासाठी दोन्ही बाजूंची अनेक महिन्यांची आकडेवारी आणि तुलनेसाठी तो उपाय न केलेल्या साइट लागतात.