मॉरिशसला 1 डिग्री वाढली म्हणजे काहीच नाही? असं नसतं हो

दरवेळी मॉरिशसची बातमी आली की तापमान नॉर्मलपेक्षा 1 डिग्री जास्त, की आपल्याकडचे लोक हसतात, "अरे नागपूरला या, एका दिवसात 5 डिग्री इकडेतिकडे होतात, याचं काय एवढं!" बरीच वर्षं हेच ऐकतोय मी, आणि ते चुकीचं आहे.

नॉर्मल म्हणजे गेल्या वर्षीचं तापमान नाही, आणि एका दिवसाचंही नाही, 30 वर्षांची सरासरी असते ती, सध्या बहुतेक ठिकाणी 1991 ते 2020 ची. आता मॉरिशस चारी बाजूंनी समुद्र, पाणी हळू तापतं हळू थंड होतं, त्यामुळे तिथल्या उन्हाळ्याची सरासरी साधारण 24.7 आणि हिवाळ्याची 20.4, म्हणजे अख्ख्या ऋतूबदलाचा फरकच जेमतेम सव्वाचार डिग्री! त्यात महिनाभराची सरासरी 1 ने वर गेली तर ऋतूबदलाच्या फरकाचा जवळपास पाव भाग सरकला की. नागपूरच्या मे आणि डिसेंबरमधला फरक आठवा जरा.

आणि हो, तिथला हिवाळा जून ते सप्टेंबर, मे आणि ऑक्टोबर हे मधले बदलाचे महिने, तरी आपल्यासारखं तिथेही मे महिन्यात उकडतं म्हणणारे भेटतात.

सगळ्या बेटावर एकच आकडाही नसतो, राजधानी पोर्ट लुईस घामाघूम असतं तेव्हा वर पठारावरच्या क्युरपीपला स्वेटर लागतो, म्हणून प्रत्येक हवामान स्टेशनचा नॉर्मल वेगळा.

समुद्राचं तर आणखी नाजूक. वर्षातल्या सगळ्यात गरम महिन्याच्या सरासरीपेक्षा पाणी 1 डिग्री जास्त राहिलं, तेही काही आठवडे, की प्रवाळ पांढरे पडायला लागतात. आपल्या लक्षद्वीपमध्ये 1998, 2010 आणि 2016 ला हेच झालं.