डोंगर बदलला की सावली?

एकाच डोंगराची दोन उपग्रहचित्रं शेजारी ठेवली आणि पहिल्यात हिरवा दिसणारा उतार दुसऱ्यात काळपट दिसला, तर जंगल तुटलं असं लगेच म्हणू नये. आधी दोन्ही चित्रांच्या तारखा बघाव्यात.

सूर्य क्षितिजापासून ३० अंश वर आहे असं धरा. ३० अंश चढणीचा जो उतार थेट सूर्याकडे तोंड करून आहे, त्याला सपाट जमिनीच्या जवळजवळ पावणेदोन पट थेट प्रकाश मिळतो. तेवढ्याच चढणीच्या, पण सूर्याकडे पाठ असलेल्या उताराला मिळतो शून्य. तिथे पोचतो तो फक्त आकाशाचा उजेड. सूर्य ६० अंशांवर आला की त्याच पाठमोऱ्या उताराला समोरच्या उताराच्या निम्मा प्रकाश मिळू लागतो. झाडं तीच, जमीन तीच, फरक फक्त उन्हाचा! संगणक मात्र तो ‘बदल’ म्हणून मोजतो.

म्हणून चित्रं शक्यतो वेगवेगळ्या वर्षांच्या एकाच महिन्यातली आणि हंगामी बर्फ नसतानाची घ्यावीत. मग उंचीच्या नकाशावरून प्रत्येक पिक्सेलचा चढ आणि दिशा काढून प्रकाशाची दुरुस्ती करावी. सपाट जमिनीवरचा प्रकाश भागिले उतारावरचा प्रकाश, या साध्या गुणोत्तराने पिक्सेलचा उजेड गुणला तर ते इथे दगा देतं. सूर्य ३० अंशांवरच असताना एखाद्या पाठमोऱ्या उतारावर ऊन त्याच्या लंबापासून ८५ अंश तिरपं पडत असेल तर सावलीतला पिक्सेल पावणेसहा पट उजळतो आणि जंगलाच्या जागी उघडा खडक दिसू लागतो. ‘सी-दुरुस्ती’ या पद्धतीत गुणोत्तराच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही संख्यांत एक स्थिरांक मिळवतात, त्यामुळे हा अतिरेक आवरतो. हा स्थिरांक उपग्रह टिपतो त्या प्रकाशाच्या प्रत्येक पट्ट्यासाठी (लाल, हिरवा, अवरक्त वगैरे) वेगळा काढावा लागतो. गडद सावलीतले पिक्सेल सरळ वगळावेत. तिथे पुरेशी माहितीच नसते.

लँडसॅट उपग्रहांचा पिक्सेल १९८० च्या दशकापासून जमिनीवरच्या ३० मीटरचा आहे, सेंटिनेल-२ उपग्रहांचा सर्वांत बारीक १० मीटरचा. पाच मीटर रुंदीची पायरीशेती दोन्हींत बांधावरच्या गवतात मिसळून जाते. दोन चित्रं एकमेकांवर नीट बसली नाहीत, तर प्रत्येक जंगलाच्या कडेला तोडीची खोटी रेघ उमटते. दगडगोट्यांनी झाकलेली हिमनदी शेजारच्या खडकासारखीच दिसते, तेव्हा तिथे रंगापेक्षा हालचाल बघावी.

नकाशावरचं क्षेत्रफळ थेट जाहीर करणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. १००० चौरस किलोमीटरपैकी २० खरोखर बदलले आणि ते सगळे सापडले असं समजा. न बदललेल्या ९८० पैकी फक्त ५ टक्के चुकून ‘बदललेले’ ठरले, तरी ४९ ची खोटी भर पडते. नकाशा ६९ दाखवतो! म्हणून ‘बदललेला’ आणि ‘न बदललेला’ अशा दोन्ही भागांतून यादृच्छिक बिंदू निवडावेत, अधिक बारीक चित्रांवर किंवा प्रत्यक्ष जागेवर ते तपासावेत आणि त्या चुकांच्या तक्त्यावरून क्षेत्रफळ दुरुस्त करावं. सावलीकडच्या उतारांसाठी वेगळे बिंदू राखून ठेवावेत, कारण बऱ्याच चुका तिथे दडलेल्या असतात.