‘यांची पत्नी, यांची आई, यांची भावजय’: कॅरिबियन निधनवार्तेची पार्श्वभूमी

बार्बाडोस, डॉमिनिका, ग्रेनाडा अशा बेटांवर रेडिओवर निधनवार्ता वाचल्या जातात. मागे चर्चचे संथ संगीत चालू असते आणि निवेदक एकेका दिवंगत बाईचे नाव घेऊन तिचा गोतावळा सांगत जातो. आधी कागदोपत्री नाव, मग गाव तिला ज्या नावाने हाक मारायचे ते. अमक्यांची पत्नी. इतक्या मुलांची आई, त्यांतला एक ब्रुकलिनला, दुसरी टोरांटोला, तिसरा लंडनला. या नातवंडांची आजी, या भावंडांची बहीण, या सगळ्यांची भावजय, या भाच्यांची आत्या. शेजारणी आणि चर्चमधल्या मैत्रिणीही यादीत येतात. शेवटी, नावे घेता येणार नाहीत इतके इतर नातलग आणि स्नेही. मग अंत्यविधी कुठल्या चर्चमध्ये, किती वाजता, दफन कुठे.

परक्या माणसाला ही यादी पाल्हाळ वाटते. पण या यादीतल्या प्रत्येक नात्याला कधी ना कधी कुणीतरी ‘हे नाते आम्ही मानत नाही’ असे सांगितलेले आहे. कधी मळ्याच्या मालकाने, कधी कायद्याने, कधी परदेशातल्या इमिग्रेशन खात्याने. म्हणून सगळी नावे मोठ्याने घ्यायची.

सुरुवात गुलामगिरीपासून करावी लागते. ब्रिटनने 1807 मध्ये गुलामांचा व्यापार बंद केला, पण गुलामगिरी चालूच राहिली. चोरटी आयात होऊ नये म्हणून मग नोंदवह्या आल्या. जमैकात 1817 पासून दर तीन वर्षांनी मळेवाल्याला आपल्या ताब्यातल्या माणसांची यादी द्यावी लागे: नाव, वर्ण, वय, जन्म आफ्रिकेतला की बेटावरचा, आणि शेवटी शेरा. त्या शेऱ्याच्या रकान्यात बऱ्याचदा आईचे नाव सापडते. बापाचे क्वचितच. नवऱ्यासाठी तर रकानाच नव्हता, कारण गुलामांच्या लग्नाला कायद्यात जवळपास जागाच नव्हती. मूल आईच्या पोटचे म्हणजे आईच्या मालकाचे, एवढाच त्या नोंदीचा अर्थ. आज कॅरिबियन घराण्यांचा शोध घेणारे लोक याच वह्या उलगडत बसतात आणि शेऱ्यातल्या त्या एका नावावरून पिढी मागे सरकतात. मालमत्तेच्या हिशोबासाठी लिहिलेली ओळ वंशावळीच्या कामी येते, हा इतिहासाने मालकांवर उगवलेला सूडच म्हणायचा.

जिवंतपणी नाकारलेले नाते मेल्यावर मात्र लोक जपत. बार्बाडोसमधल्या न्यूटन मळ्यावर गुलामांची दफनभूमी सापडली आणि 1970च्या दशकात तिथे उत्खनन झाले. साधारण 1660 ते 1820 या काळात तिथे सुमारे 570 जणांना पुरले असावे, असा अंदाज आहे. काहींच्या अंगावर मणी आणि धातूची कडी होती, काहींसोबत मातीचे चिलीम-पाइप ठेवलेले होते. ज्यांच्याकडे स्वतःचे म्हणावे असे काहीच नव्हते, त्यांनीही आपल्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवले नाही. रात्री जमून गाणी म्हणत मृताला निरोप द्यायची पद्धत आफ्रिकेतून आली होती. जमाव म्हणजे बंडाची तयारी, या धास्तीने काही वसाहतींनी अशा रात्रीच्या अंत्ययात्रांवर बंधने घातली. पद्धत टिकली.

जमैकात तिचे आजचे नाव ‘नाइन नाइट’. मृताच्या घराचे अंगण, तिथल्या बोलीत ‘डेड यार्ड’, नऊ रात्री माणसांनी भरलेले असते. तळलेले मासे, घट्ट कणकेचा हार्ड-डो पाव, कॉफी, पांढरी रम. एकीकडे डॉमिनोच्या सोंगट्या टेबलावर आपटत असतात, दुसरीकडे भजने. ही भजने ‘सँकी’ म्हणून ओळखली जातात, एकोणिसाव्या शतकातल्या आयरा सँकी या अमेरिकन भजनगायकाच्या नावावरून. म्हणण्याची रीत अशी की एक जण ओळ झरझर वाचून दाखवतो आणि मग सगळे ती लांबवून गातात. पुस्तके थोडी आणि वाचता येणारे त्याहून थोडे, त्या काळातली ही सोय. आता बहुतेकांना वाचता येते, पण ओळ सांगणारा तसाच उभा राहतो. नवव्या रात्री मृतासाठी वेगळे टेबल मांडतात, आणि मध्यरात्र होईपर्यंत त्यातल्या पदार्थांना कुणी हात लावायचा नसतो. नंतर खोलीतले सामान हलवतात, पलंगाची दिशा बदलतात. आत्मा परत आलाच, तर त्याला घर ओळखू येऊ नये. इतक्या प्रेमाने आठवण काढायची आणि परत मात्र येऊ द्यायचे नाही, हा व्यवहार मला फार शहाणपणाचा वाटतो.

1 ऑगस्ट 1834 रोजी गुलामगिरी कायद्याने संपली, सुटलेल्यांना जुन्या मालकांकडेच राबायला लावणारी सक्तीची ‘उमेदवारी’ 1838 मध्ये संपली. दोन कोटी पौंडांची भरपाई मिळाली ती मालकांना. सुटलेल्या माणसांनी ज्या पहिल्या संस्था उभारल्या त्यांत मयताच्या खर्चाच्या मंडळ्या होत्या. आठवड्याला थोडेथोडे नाणे टाकायचे आणि घरात मरण आले की पेटी, गाडी, कपडे यांची सोय मंडळी करणार. बार्बाडोसमध्ये 1863 साली निघालेली ‘लँडशिप’ अशीच. कधी समुद्रावर न जाणारे हे ‘जहाज’, नाविकांच्या गणवेशात संचलन करणारे पुरुष, परिचारिकेच्या वेशातल्या बायका, आणि त्याआड अडीअडचणीला उपयोगी पडणारी वर्गणीची पेटी.

लग्नाचा प्रश्न मात्र शंभर वर्षे लोंबकळत राहिला. चर्चला हवे होते विधिवत लग्न. लोकांची रीत वेगळी होती: तरुणपणी नाते जुळायचे, मुले व्हायची, मग एकत्र संसार, आणि घर बांधून चार माणसांना जेवण घालण्याची ऐपत आली की चाळिशी-पन्नाशीत लग्न, कधी नातवंडांच्या साक्षीने. 1930च्या दशकात बेटाबेटांवर कामगारांचे उठाव झाले तेव्हा चौकशीला आलेल्या ब्रिटनच्या मॉइन आयोगाने मजुरी आणि घरांच्या दुरवस्थेबरोबर लोकांच्या ‘नीतिमत्ते’वरही बोट ठेवले. जमैकाच्या गव्हर्नरांच्या पत्नी मॉली हगिन्स यांनी मग 1940च्या दशकाच्या मध्यात सामुदायिक विवाहांची मोहीम काढली. एक-दोन वर्षे लग्नांचा आकडा वाढला आणि पुन्हा खाली आला. बायकांना अंगठीचे वावडे नव्हते, पण गव्हर्नरबाईंच्या घाईने त्या बोहल्यावर चढणार नव्हत्या.

याचा फटका मुलांना बसे. बिनलग्नाच्या आईचे मूल ‘अनौरस’, त्याला बापाच्या मिळकतीत वारसाहक्क नाही. जमैकाने 1976 मध्ये हा भेद कायद्यातून काढला, त्रिनिदादने 1981 मध्ये. बार्बाडोसने 1981च्या कुटुंब कायद्यात पाच वर्षे एकत्र राहणाऱ्या जोडप्यालाही मान्यता दिली. आज सत्तरी-ऐंशीत वारणाऱ्या कितीतरी बायका तारुण्याचा मोठा भाग या कायद्यांच्या आधी जगल्या आहेत. ‘यांची पत्नी’ हे दोन शब्द त्यांच्या निधनवार्तेत सहज आलेले नसतात.

त्रिनिदादमध्ये तर विधिवत लग्न लावूनही बायको कायद्याने बायको नव्हती. 1845 ते 1917 या काळात उसाच्या मळ्यांवर सुमारे 1,44,000 भारतीय करारबद्ध मजूर म्हणून तिथे गेले, बहुतेक कोलकात्याच्या बंदरातून, भोजपुरी-अवधी मुलखातले. पंडिताने सप्तपदी केली तरी सरकारी नोंदणीशिवाय ते लग्न शून्य, आणि पोरे अनौरस. हिंदू विवाहाचा कायदा झाला तो 1945 मध्ये, म्हणजे पहिले जहाज लागल्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी. दहनाला कायदेशीर वाट मिळायला 1953 उजाडले. तोवर हिंदूंनाही आपल्या मृतांचे दफन करावे लागे. आता कॅरोनी नदीकाठी उघड्यावर चिता रचतात. तिथल्या घरांत आजी, नानी, मौसी, भौजी या हाका अजून ऐकू येतात, नाताळचा केक खाणाऱ्या घरांतसुद्धा.

यादीतल्या परदेशी शहरांची गोष्ट मात्र अलीकडची आहे, आणि मला विचाराल तर सगळ्यांत जिव्हारी लागणारी. कॅनडाने 1955 मध्ये कॅरिबियन बायकांसाठी घरकामाची योजना सुरू केली. पहिल्या वर्षी शंभर जणी घेतल्या, 75 जमैकाच्या आणि 25 बार्बाडोसच्या. अटी अशा: वय 18 ते 35, शाळा शिकलेली, अविवाहित, पदरी मूल नाही. वर्षभर कुणाच्या तरी घरी राबायचे, मग दुसरे काम धरायची मोकळीक. योजना 1967 पर्यंत चालली. तिच्यातूनच 1960 मध्ये ग्रेनाडाहून आलेल्या जीन ऑगस्टीन पुढे 1993 मध्ये कॅनडाच्या संसदेत निवडून आलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला ठरल्या. सगळ्यांचे असे झाले नाही. मूल असलेल्या काही जणींनी अर्जावर ‘मूल नाही’ असे लिहिले, लेकरू बहिणीकडे, आईकडे, भावजयीकडे सोपवले आणि विमानात बसल्या. दर महिन्याला पैसे, वर्षा-दोन वर्षांनी कपडे, बूट आणि डबाबंद खाण्याने ठासून भरलेले पिंप. पुढे कागदपत्रे करून मुलांना बोलावायला गेल्यावर तोच जुना अर्ज आडवा आला. 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात सात जमैकन मातांना याच कारणावरून देशाबाहेर काढायचे आदेश निघाले. मोर्चे, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि 1979 मध्ये त्यांना राहू दिले. त्यांचा गुन्हा एवढाच, की त्या आई होत्या आणि त्यांनी तसे सांगितले नव्हते.

ज्या भावजयीने ते लेकरू वाढवले, तिचे नाव कुठल्याच सरकारी कागदावर नाही. पोराला शाळेत घालणारी, तापात उशाशी बसणारी आणि पिंप उघडल्यावर सगळ्यांना वाटून देणारी तीच. तिच्या निधनवार्तेत दीर, नणंदा, भाचे यांची रांग लागते ती यामुळे.

ब्रिटनचा रस्ता आधीच खुला झाला होता. 22 जून 1948 रोजी ‘एम्पायर विंडरश’ या जहाजातून कॅरिबियन प्रवासी लंडनजवळच्या टिलबरी बंदरात उतरले, पुढे हजारो बायका तिथल्या सरकारी रुग्णालयांत परिचारिका झाल्या. त्यांच्या मागून आईबापांच्या पासपोर्टवर आलेली मुले तिथेच मोठी झाली. 1 जानेवारी 1973 पूर्वी स्थायिक झालेल्यांना राहण्याचा हक्क होता, पण अनेकांच्या हाती त्याचा कागद नव्हता. खुद्द गृहखात्याने आगमनाची नोंद असलेली जुनी लँडिंग कार्डे 2010 मध्ये नष्ट केली. नंतर नियम कडक झाले तेव्हा काही जण नातलगांना भेटायला किंवा आईच्या मातीला म्हणून बेटावर गेले आणि परतीच्या वाटेवर अडवले गेले. काहींनी तर त्या भीतीने जायचेच टाळले. 2018 मध्ये सरकारने माफी मागितली, 2019 मध्ये भरपाईची योजना आली. तिचे दावे वर्षानुवर्षे रेंगाळले, आणि काही अर्जदार पैसे हाती पडण्याआधीच वारले.