निवृत्त लढाऊ विमान संस्थेच्या आवारात: अर्ज नेमका कुठे अडतो?

मिग-२१ विमाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे निवृत्त झाली, तेव्हापासून पुण्यातील शिक्षणसंस्था माझ्याकडे एकच चौकशी करत आहेत: घोरपडीच्या युद्धस्मारकात मिग-२३ आहे, तसे आमच्या आवारात का नको? विनंतीपत्र संस्थेच्या लेटरहेडवर, नवी दिल्लीतील हवाई दल मुख्यालयाच्या नावे लिहावे. एवढे सोपे आहे.

अडते ते घरच्याच कागदांत. पत्रासोबतच्या ठरावावर ज्या विश्वस्तांची सही असते, त्यांचे नाव धर्मादाय कार्यालयाच्या परिशिष्ट-१ मध्ये, म्हणजे तेथील विश्वस्तांच्या अधिकृत नोंदीत, पुष्कळदा नसतेच. तिथे अजून दिवंगत अध्यक्षच विराजमान असतात. विश्वस्त बदलल्यावर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ खालील बदल अर्ज ९० दिवसांत द्यायचा असतो आणि ही मुदत बदल घडल्या दिवसापासून धरतात, पुढच्या सभेत इतिवृत्त कायम झाल्यापासून नव्हे. ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आता पहिला प्रश्न विमानाचा न विचारता परिशिष्टाचाच विचारतो. मुदत टळली असेल, तर विलंब माफीची विनंती जोडून अर्ज लगेच द्यावा. तो मंजूर होईपर्यंत किती हेलपाटे घालावे लागतील, हे मात्र तेथील खिडकीलाच ठाऊक.

जागेचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक संस्थेच्याच नावे हवे. विमान उंच खांबावर झेपावताना दाखवायची हौस असेल आणि जागा लोहगाव विमानतळाच्या परिसरात येत असेल, तर उंचीच्या ना-हरकतीची चौकशी आराखडा काढण्याआधी करावी. मिग-२१ च्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर आहे. पंख उतरवल्याशिवाय ते रस्त्याने आणता येत नाही. ताबा घेताना वैमानिकाच्या आसनातील (संकटात आसन बाहेर फेकणारी) स्फोटक काडतुसे काढल्याचे लेखी पत्र मागून घ्यावे. तोंडी आश्वासनावर मुलांना कॉकपिटमध्ये बसवू नये.

देखभालीचा आराखडा लिहिताना बहुतेक जण ‘दरवर्षी रंग’ एवढ्यावरच थांबतात. एका आवारात हौशी रंगाऱ्याने पंखाखालची निचऱ्याची बारीक भोके रंगानेच बुजवली होती. दोन पावसाळ्यांनंतर तेथील पोलादी स्क्रूंभोवती ॲल्युमिनियमच्या गंजाची पांढरी भुकटी बोटाला लागत होती. म्हणून मे महिन्यात ती भोके तारेने मोकळी करणे, काचेवर आच्छादन घालणे आणि चाकांवरचा भार लोखंडी टेकूंवर घेणे, ही कामे जबाबदार कर्मचाऱ्याच्या पदनामासह आराखड्यात लिहावीत.