आर्म लांबला, पाइप मात्र तोच

वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात मित्राच्या जीप रँग्लरसाठी मागवलेल्या लाँग आर्म किटचं, म्हणजे सस्पेन्शनच्या लांब आर्मच्या संचाचं, खोकं उघडलं. तकतकीत लाल पावडर कोटिंग, आर्मवर कोरलेलं नाव. मिस्त्रींनी त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एक आर्म उचलला आणि सरळ वजनकाट्यावर ठेवला.

काटा कशासाठी, ते पुढे येईलच. आधी आर्म लांब का करतात ते बघू. रँग्लर किंवा जिम्नीमध्ये डावं-उजवं चाक एकाच सलग अॅक्सलवर असतं आणि त्या अॅक्सलला चासीशी, म्हणजे गाडीच्या सांगाड्याशी, धरून ठेवतात ते कंट्रोल आर्म. मोठे टायर बसावेत म्हणून गाडी 100 मिमी उचलली, की एरवी आडवा असणारा 450 मिमीचा आर्म जवळजवळ 13 अंशांनी कलतो. मग खड्ड्याचा दणका स्प्रिंगमध्ये पुरता मुरत नाही, आर्ममधून तिरका चासीत चढतो. आर्म 900 मिमीचा केला तर कल साडेसहा अंशांच्या आत राहतो. गाडीची चाल सुधारते, त्यात वाद नाही.

भुर्दंड पडतो तो ताकदीत. आर्म लांबीच्या दिशेने दाबला तर घाबरण्यासारखं काही नाही: 50 मिमी व्यासाचा, 6 मिमी जाडीचा साध्या पोलादाचा पाइप तसा 20 टनांच्या आसपास पेलतो. पण डोंगरात गाडी खडकावरून घसरते आणि आर्मच्या बरोबर मध्यावर टेकते. तिथे 1 टन भार आला, तर 450 मिमीच्या आर्ममध्ये ताण भरतो सुमारे 138 मेगापास्कल (ताण मोजायचं एकक). 900 मिमीच्या आर्ममध्ये तोच 275. साधं पोलाद 250च्या आसपास हार मानतं. त्यापुढे वाकलेलं पुन्हा सरळ होत नाही. पाइप तोच, खडक तोच, नुसत्या लांबीने आर्मचं केळं होतं. शिवाय हा हिशेब भार हळूच ठेवल्याचा आहे. तोच भार एकदम आला तर ताण दुप्पट.

‘मग भरीव सळईच घ्या’ हा सल्ला ऑफरोडवाल्यांत फुकट मिळतो. वाकताना सगळ्यात जास्त ताण बाहेरच्या कडांवर येतो, गाभा जवळपास रिकामटेकडा बसतो. आपल्या पाइपाएवढ्याच वजनाची सळई फक्त साडेबत्तीस मिमी जाड भरते आणि पाइप तिच्यापेक्षा पावणेचार पट ताठ असतो.

आता काटा. पाइपची दोन्ही तोंडं वेल्डने बंद असतात, त्यामुळे आतली जाडी व्हर्निअरने मोजता येत नाही. वजन मात्र लपत नाही. 50 मिमीचा, 900 मिमी लांब पाइप 6 मिमी जाडीचा असेल तर 5.9 किलो भरतो, 3 मिमीचा असेल तर जेमतेम 3.1. त्या 3 मिमीच्या पाइपात आपल्या खडकावरचा ताण जातो 458वर. क्रोमोली, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेलं जास्त मजबूत पोलाद, घेतलं तरी हा आकडा त्याला जड जातो, आणि साध्या पोलादाचं तर बोलायलाच नको.

मिस्त्रींचा खरा डोळा मात्र ब्रॅकेटवर, म्हणजे आर्म जिथे बोल्टने बसतो त्या वेल्ड केलेल्या पकडीवर. “आर्म वाकला तर रखडत घरी येता येतं. ब्रॅकेट उखडला तर अॅक्सलच फिरतो, साहेब.” म्हणून मलाही वाटतं, किटमध्ये सर्वांत आधी हरायचं असेल तर ते आर्मनेच हरावं. वेल्डच्या कडेला बारीक घळ पडली असेल, तर चीर बहुधा तिथूनच सुरू होते. आणि ती वाढवायला खडकच लागतो असं नाही, पावसाळ्यातल्या घोडबंदर रोडवरचे रोजचे हजारो छोटे दणके पुरतात. नुसत्या डोळ्यांना न दिसणारी चीर, लाल डाय मारून तो वरून पुसला आणि पांढऱ्या भुकटीचा डेव्हलपर फवारला, की लाल रेघ होऊन उमटते. बोल्टच्या डोक्यावरचा आकडाही वाचावा: 8.8 म्हणजे 640 मेगापास्कलपर्यंत कायमचा न ताणणारा, 10.9 म्हणजे 900पर्यंत. डोकं कोरं असेल तर बोल्ट बाजूला काढावा.

मित्राचा आर्म टोकांच्या जॉइंटसकट 4.2 किलो भरला. दोन्ही जॉइंट मिळून सव्वा किलोचे. मिस्त्रींनी वजाबाकी केली नाही, खोकं बंद करून टेप लावली.