झाकणाखालची साय: इंजिन ऑइलमध्ये पाणी उतरलंय की कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव)?

ऑइल टाकायचं झाकण उघडलं आणि आतून पिवळट-पांढरी साय चिकटलेली दिसली, की गाडीमालकाचा आमच्या गॅरेजला फोन येतो आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "हेड गॅस्केट गेलं ना?" इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड, खालचा ब्लॉक, आणि दोघांच्या सांध्यात बसून ऑइल, कूलंट आणि गॅस वेगळे ठेवणारी पातळ चकती म्हणजे हेड गॅस्केट. कधी ते खरंच गेलेलं असतं. पण पुष्कळदा कारण साधं निघतं. आणि हेड उघडणं हे असं काम आहे, की एकदा बोल्ट सैल केले की अर्ध्यावरून परत फिरता येत नाही. म्हणून हे पत्रक. घरी काय बघायचं, गाडी आमच्याकडे आल्यावर आम्ही काय तपासतो आणि कुठल्या तपासणीवर किती भरवसा ठेवायचा, एवढंच यात आहे.

पाणी येतं कुठून?

इंजिन स्वतःच पाणी तयार करतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास तेवढंच पाणी वाफेच्या रूपात निघतं. त्यातलं बहुतेक सायलेन्सरवाटे बाहेर जातं, थोडी वाफ मात्र पिस्टन रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं तिथे, उतरते. इंजिन नीट तापलं तर ही वाफ ऑइलमधून उडते, पीसीव्ही व्हॉल्व्हमधून (चेंबरमधली वाफ बाहेर काढणारी झडप) परत इनटेककडे, म्हणजे इंजिन हवा घेतं त्या वाटेकडे, ओढली जाते आणि विषय संपतो. इंजिन तापलंच नाही तर ती थंड जागा शोधते. झाकण आणि डिपस्टिकच्या (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीच्या) नळीचं वरचं टोक या तशाच जागा. तिथे थेंब धरतात, उडणाऱ्या ऑइलशी घुसळले जातात आणि साय होते.

"पण माझा टेंपरेचरचा काटा तर मध्यावर येतो," असं बरेच जण सांगतात. तो काटा कूलंटचा आहे, ऑइलचा नाही. कूलंट लवकर तापतं, ऑइल त्याच्या बरंच मागे असतं. रोज दोन-तीन किलोमीटर जाऊन बंद होणाऱ्या गाडीत ऑइल कधीच पुरतं तापत नाही. हायब्रिड गाड्यांत इंजिन अधूनमधूनच चालतं, तिथेही हेच. पीसीव्ही व्हॉल्व्ह किंवा त्याची नळी चोंदली असेल तर लांब पल्ल्याच्या गाडीतही साय दिसते, आणि तो भाग बदलणं म्हणजे किरकोळ काम.

कूलंटचं प्रकरण वेगळं. त्यात पाण्याबरोबर बहुधा इथिलीन ग्लायकॉल असतं. पाणी १०० अंशांना उकळतं, ग्लायकॉल १९७ अंशांच्या आसपास. म्हणजे लांब चक्कर मारून ओल उडेल, ग्लायकॉल ऑइलमध्येच राहील. तिथे त्याची आम्लं होतात, ऑइलमधल्या रसायनांशी मिळून चिकट गाळ बनतो, फिल्टर चोंदतो आणि शेवटी मार बसतो तो क्रँकच्या (पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगना. बेअरिंग आणि क्रँक यांच्यामध्ये ऑइलचा जो पातळसा थर असतो, त्याच्यावरच सगळं इंजिन फिरत असतं. दुधाळ ऑइलचा तो थर टिकत नाही.

घरी काय बघाल

रात्रभर उभी असलेली, थंड गाडी सपाट जागेवर घ्या. रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं झाकण गरम इंजिनावर उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं आणि तोंडावर उसळतं. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी हात भाजलेले लोक आम्ही दरवर्षी बघतो.

डिपस्टिक काढा आणि तिचं खालचं टोक पाहा. वरच्या भागावर फेस आणि खाली, खुणांच्या मधे, स्वच्छ सोनेरी किंवा काळं ऑइल असेल तर घाबरायचं कारण फारसं नाही. खालपर्यंत सगळं दूध घातलेल्या कॉफीसारखं असेल तर गाडी तिथेच उभी ठेवा. लक्षात ठेवा, झाकण इंजिनाच्या सगळ्यात वरचा कोपरा दाखवतं, डिपस्टिकचं टोक चेंबरमधलं ऑइल दाखवतं. दोघांचं म्हणणं वेगळं पडलं तर डिपस्टिकचं ऐका.

मग पातळी. ऑइल वाढत नसतं. न टाकता वरच्या खुणेच्या वर गेलं असेल तर त्यात काहीतरी मिसळलंय. मात्र ते पाणीच असेल असं नाही. काही पेट्रोल इंजिनांत थंडपणी पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या डिझेल गाड्यांत तो साफ होण्याची क्रिया अर्धवट राहिली की डिझेल उतरतं. अशा वेळी ऑइल दुधाळ होत नाही. पातळ होतं आणि इंधनाचा वास मारतं.

आता या पत्रकातलं सगळ्यात उपयोगाचं काम, ज्याला एक मार्कर पुरतो. थंड इंजिनावर कूलंटच्या टाकीवर पातळीची रेघ ओढा, शेजारी तारीख आणि किलोमीटर लिहा. झाकणाची साय चिंधीने स्वच्छ पुसा. पुढचे आठ-दहा दिवस नेहमीसारखी गाडी चालवा, त्यात एकदा तरी सलग पाऊण-एक तासाची चक्कर मारा. साय परत आली नाही आणि कूलंट रेघेवर टिकलं, तर ती नुसती ओल होती. कूलंट खाली उतरलं, गाडीखाली थेंब नाही, गाडीच्या आतल्या गालिच्यावर ओल नाही, तर ते कुठेतरी आत जातंय. हा प्रयोग डिपस्टिक स्वच्छ असेल तरच करा.

सायलेन्सरच्या पांढऱ्या धुराबद्दल थोडक्यात: थंड सकाळी दिसणारी आणि पाच-दहा मिनिटांत विरणारी वाफ सगळ्याच गाड्यांची. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला तर कूलंट सिलिंडरमध्ये जळतंय.

आमच्याकडे आल्यावर

गाडी आदल्या संध्याकाळी आणून ठेवा असं आम्ही सांगतो, त्यामागे कारण आहे. पाणी ऑइलपेक्षा जड. रात्रभरात, निदान न घुसळलेलं पाणी, तळाशी बसतं. सकाळी इंजिन चालू न करता ड्रेन बोल्ट (तळातून ऑइल काढायचा) आम्ही अगदी हळू, आटा-आटा सैल करतो. काळ्या ऑइलच्या आधी कूलंटचा हिरवा किंवा गुलाबी थेंब ओघळला की निदान तुमच्या डोळ्यांसमोर झालं. स्वच्छ पाणी निघालं तर आम्ही आधी विचारतो: इंजिन प्रेशरने धुतलं होतं का, गाडी पाण्यात उभी होती का?

थोडं ऑइल १५० ते १६० अंश तापलेल्या लोखंडी तव्यावर टाकलं की पाणी असल्यास तडतडतं. ही चाचणी जलद आहे, पण ओल आणि कूलंट यांतला फरक तिला कळत नाही. घरी गॅसवर करू नका, ऑइल पेट घेऊ शकतं.

त्यानंतर कूलिंग सिस्टिमवर पंपाने दाब देतो, झाकणावर लिहिलेला असतो तेवढाच, बहुधा १ बारच्या आसपास. बाहेर कुठे गळती नसताना काटा उतरू लागला की स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये कॅमेरा घालतो. पिस्टनचा माथा एकाच सिलिंडरमध्ये धुतल्यासारखा चकचकीत असेल तर दोषी सापडला.

निळ्या द्रवाची चाचणी बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. कूलंटच्या टाकीतली हवा त्या द्रवातून ओढतात. सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये शिरत असेल तर निळा रंग पिवळा पडतो. रंग बदलला तर गॅस्केट, हेड किंवा ब्लॉक यांपैकी काहीतरी फुटलंय. पण रंग बदलला नाही म्हणून सुटका झाली असं समजू नका. गॅस्केट फक्त कूलंट आणि ऑइलच्या वाटांच्या मधेच फुटलं असेल तर गॅस येतच नाही, निळं निळंच राहतं.

ऑइल कूलरचंही तसंच: कूलंटने ऑइल थंड करणारा हा भाग आतून फुटला तरी ही चाचणी काही सांगत नाही, आणि हे आम्ही स्वतःच्या चुकीतून शिकलो. दुधाळ ऑइल बघून एका गाडीचं हेड उघडलं. गॅस्केट धडधाकट, हेड सरळ. मग तळहाताएवढा ऑइल कूलर काढला, त्यात हवा भरून पाण्याच्या बादलीत बुडवला, तर एका कडेने बारीक बुडबुड्यांची माळ सुटली. हेडच्या कामाची मजुरी अर्थातच घेतली नाही. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब कूलंटपेक्षा कितीतरी जास्त, म्हणून ऑइल कूलंटमध्ये जातं. गाडी बंद केली की ऑइलचा दाब शून्य, कूलंट मात्र अजून गरम आणि दाबाखाली, मग वाट उलटी. कूलंटच्या टाकीत तपकिरी चिखल दिसला होता, तेव्हाच आम्हाला कळायला हवं होतं. आता जिथे कूलर आहे तिथे आधी तोच बघतो.

एवढं करूनही संशय राहिला तर ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत जातो. सोडियम आणि पोटॅशियम ही कूलंटमधल्या गंजरोधकांची खूण. त्याच कंपनीच्या नव्या ऑइलचा नमुना सोबत पाठवला तर तुलना पक्की होते, कारण यांतली काही मूलद्रव्यं नव्या ऑइलमध्येही असू शकतात.

दुरुस्ती ठरल्यावर

गळती बंद करणारी बाटलीतली औषधं या कामासाठी आम्ही वापरत नाही. ती रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्याही बंद करतात. हेड निघालंच तर सरळ पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) ते वाकलंय का हे मोजतो आणि आकडा तुम्हाला लिहून देतो. जुना ऑइल फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडतो. त्यात चमकणारे कण दिसले तर बेअरिंग बघितल्याशिवाय इंजिन परत जोडत नाही. काम झाल्यावर नवं ऑइल आणि फिल्टर, थोडं चालवून ते काढून पुन्हा नवं ऑइल आणि फिल्टर. हा दुसरा खर्च ऐकून लोक नाराज होतात, पण कानाकोपऱ्यात राहिलेला गाळ पहिल्या बदलीत निघत नाही.

आणि एक विनंती. गाडी आणण्याआधी ऑइल बदलून किंवा (वरचा प्रयोग सोडून) झाकण पुसून, सगळं स्वच्छ करून आणू नका. टाकीवरच्या रेघेचा आणि डिपस्टिकच्या टोकाचा फोटो काढून ठेवा, गेल्या महिन्याभरात कूलंट किती वेळा भरलं ते आठवून ठेवा आणि गाडी आहे तशी घेऊन या. ऑइल दुधाळ असेल तर चालवत नव्हे, ओढून.